पूजलेले प्लग

गॅसवर चालणाऱ्या गाडीला कोणता स्पार्क प्लग बसवावा, हा प्रश्न परळीत चारचौघांत विचारू नये. मी विचारला. तेव्हापासून भाजीवाल्यापासून आमच्या साहेबांपर्यंत कुणीही मला ‘कसं काय, बरं आहे ना?’ असं म्हणत नाही. ‘बसला का प्लग?’ असं म्हणतात. मुलीच्या शाळेत पालकसभेला गेलो, तर बाई तिच्या गणिताबद्दल दोन वाक्यं बोलल्या आणि मग आपल्या मिस्टरांची गाडीसुद्धा गॅसवरच आहे म्हणाल्या.

ही वेळ माझ्यावर आली ती आईमुळे. आई म्हणजे भिवराबाई. गुडघे सोडले तर सगळं ठणठणीत. तिची थोरली बहीण छबुबाई धारूरच्या पुढे राहते. मावशीने नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीचं आवतण फोनवरून दिलं. आमच्या घरात फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात, नाहीतर बाकीच्यांना राग येतो. त्यामुळे मावशीचं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत स्वच्छ ऐकू आलं.

“बजरंगला जीप घिऊन धाडते,” मावशी म्हणाली. “तुज्या लेकाची गाडी काय, घाट दिसला की खाली बसती.”

बजरंग म्हणजे मावशीचा मुलगा. दर कार्याला तोच आईला न्यायला येतो आणि जाताना माझ्या गाडीच्या बॉनेटवर, एखाद्या आजाऱ्याच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवून जातो. मी ते सहन करत आलो होतो. आई मात्र त्या दिवशी उसळली.

“बजरंगला धाडायचं न्हाई. मी माज्या त्रिंबकच्या गाडीत येनार. आन् न्हाई जमलं, तर मी वास्तूला आलेच न्हाई आसं समज.” असं म्हणून तिने फोन ठेवला. म्हणजे माझ्या हातात दिला; तिला तो बंद करता येत नाही.

मावशीचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर अडचण. गाडी जुनी, इंजिनात तीनच सिलिंडर, म्हणून प्लगही तीनच. सपाटीवर ती चांगली पळते. सिरसाळा म्हणू नका, तेलगाव म्हणू नका, कुठे कुरकुर नाही. पण तेलगाव सोडून धारूरच्या घाटाचं पहिलं वळण आलं, की आचके देते, खोकते आणि थांबते. पेट्रोलवर टाकावी, तर वर्षानुवर्षं गॅसवर चालवून पेट्रोलची टाकी गंजून गेलेली. डॅशबोर्डवरचं गॅस-पेट्रोलचं बटण आता केवळ शोभेला आहे. मुलगी लहानपणी त्याच्याशी खेळायची.

मी पंचायत समितीत लेखा शाखेत आहे. आमच्याकडे पेन्सिलसुद्धा तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय घेता येत नाही, आणि माझा स्वभावही नोकरीने तसाच झाला आहे. लग्नाच्या वेळीदेखील मी तीन स्थळं पाहूनच निर्णय घेतला, हे मी एकदा बायकोला, रोहिणीला, अभिमानाने सांगितलं होतं. पुन्हा कधी सांगितलं नाही. तर प्लगच्या बाबतीतही मी तीन जाणकारांची मतं घ्यायचं ठरवलं.

पहिले जाणकार शहादेव मिस्तरी. यांचं गॅरेज स्टेशनच्या रस्त्याला आहे. शहादेवने जुने प्लग काढले, उन्हात धरले आणि सुतकी चेहरा केला.

“साहेब, ह्ये प्लग हायत का खिळे? टोकं खाऊन गेलीत पार. आन् ध्यानात ठिवा, गॅस म्हंजे कोरडं काम. पेट्रोलला बारीक ठिनगी चालती, गॅसला जोराची लागती. तवा नवे टाका, पन थंड टाका.”

“थंड म्हणजे?”

“गरम प्लग आसतो, थंड प्लग आसतो. गॅस लई तापतोय, त्याला थंडच पायजे.”

घरी येऊन मी हे ज्ञान रोहिणीला दिलं. ती म्हणाली, “म्हणजे पपई आणि काकडीसारखं का?” मी तिला नाही म्हणून ठणकावलं. नंतर बराच विचार केला तेव्हा मला यातला फरक सांगता येईना, पण तोवर ती झोपली होती.

थंड प्लग आणले. आता इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे नवी वस्तू आली की ती आधी देव्हाऱ्यापुढे जाते. आई तिला हळद-कुंकू लावते, हात जोडते आणि मगच ती वापरायची. फ्रिज, मिक्सर, मोबाईल, माझा नवा चष्मा, सगळं या वाटेने गेलेलं आहे. चष्म्याच्या काचेवर लावू नकोस म्हणून मी तिला हातापाया पडून सांगितलं, तर तिने काडीला लावलं. तेव्हा प्लग देव्हाऱ्यापुढे गेले याचं मला काहीच वाटलं नाही. आईने डबीतून तिन्ही काढले, पाटावर उभे केले, ‘तिघं भाऊ हायत जनू’ म्हणाली आणि प्रत्येकाच्या पांढऱ्या अंगावर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट ओढलं. लोखंडावर का नाही लावलं? तर पांढऱ्यावर उठून दिसतं.

दुसऱ्या दिवशी शहादेवने प्लग हातात घेतला. मी तो घ्यायला हात पुढे केला, तर तो माझ्यावर खेकसला. “आवो, पांढऱ्या चिनी मातीला तेलकट हात लावू नका! बाहीर घाण ऱ्हायली की ठिनगी आत जायाचं सोडून बाहीरच्या बाहीर पळती.” मी ओशाळून हात मागे घेतला. मग त्याला कुंकू दिसलं. त्याने प्लग भक्तिभावाने कपाळाला लावला, “आईंनी पूजा केली व्हय? झ्याक,” असं म्हणाला आणि तो तसाच्या तसा बसवून टाकला.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही, शहादेवच्याही आलं नाही. घाण ती घाण आणि कुंकू ते कुंकू. आमच्या जिल्ह्यात या दोन गोष्टी एका वाक्यात कुणी बोलत नाही.

रविवारी मी एकटाच चाचणीला निघालो. तेलगावपर्यंत शीळ घालत गेलो. घाटाच्या पहिल्या वळणावर गाडीने आचके दिले, खोकली आणि थांबली. मागून उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने डोकं बाहेर काढून, “कावून उभा ऱ्हायला बे मधीच?” असं विचारलं. मी वरिष्ठ सहायक आहे. मला ‘बे’ म्हणायची हिंमत आमच्या सभापतींनीही कधी केलेली नाही. मी गाडी वळवून उताराने खाली आणली आणि परत आलो.

दुसरे जाणकार माझ्या शेजारच्या टेबलावरचे जालिंदर. त्यांचीही गाडी गॅसवर, आणि ती अंबाजोगाईचा चढ तिसऱ्या गियरमध्ये चढते, असं ते जेवणाच्या सुट्टीत रोज सांगतात. “त्रिंबकराव, मिस्तऱ्याच्या नादी लागू नका,” जालिंदर म्हणाले. “इरिडियमचा प्लग घ्या. टोक सुईसारखं आसतंय. कमी करंटात ठिनगी टाकतंय. ऑनलाइन मागवा.”

मागवले. पार्सल आलं ते आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या त्रिंबककडे गेलं. तो पीठगिरणीवाला. त्याने ते उघडून, गिरणीचे आहेत की काय म्हणून बसवून बघायचा प्रयत्न केला होता. त्याच्या तावडीतून सोडवले, ते थेट देव्हाऱ्यापुढे. या खेपेला आईने हळद-कुंकवाबरोबर वैजनाथाचा अंगाराही लावला. “मागल्या बारीला कायतरी कमी पडलं आसंल,” ती म्हणाली.

या इरिडियमवर गाडी दुसऱ्या वळणापर्यंतसुद्धा गेली नाही. पहिल्या वळणाच्या अलीकडेच थांबली.

मी चिडलो. इतका चिडलो, की वस्तू परत करण्याच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात प्लगांचा फोटो मागितला. मी पाठवला.

“सर, यावर लाल आणि पिवळं काय दिसतंय?”

“ते हळद-कुंकू आहे.”

“सर, म्हणजे वस्तू वापरलेली आहे.”

“वापरलेली नाही,” मी म्हणालो. “पूजलेली आहे.”

तिच्या समोरच्या यादीत हा प्रकार नसावा. मग तिने वरिष्ठांना विचारून सांगते म्हणून मला एक गाणं ऐकायला लावलं, आणि ते गाणं संपेपर्यंत माझा राग ओसरून गेला. परत आल्यावर ती म्हणाली, की पूजलेली वस्तू कंपनी परत घेऊ शकत नाही, पण तुमच्या भावनांचा आम्ही आदर करतो. एवढा आदर मला घरात कुणी दिला नव्हता, म्हणून मी फोन ठेवला.

तिसरे जाणकार शेजारचे धोंडीराम अप्पा. अप्पा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. धारूरचा घाट त्यांनी आयुष्यभर चढला-उतरला, असं ते स्वतः सांगतात आणि ते खरंही आहे. “फट बारीक कर,” अप्पा म्हणाले. “प्लगाच्या टोकाची फट. गॅसला रुंद फट चालत न्हाई. दाढीचं ब्लेड घाल मधी आन् त्याच्या मापाला आन.” मी ओट्यावर बसून ब्लेडने फट बारीक केली, बोट कापून घेतलं आणि अप्पांना शेजारी बसवून घाटात गेलो. गाडी थांबली. मी अप्पांना विचारलं, की एसटीत तुम्ही प्लगची फट किती ठेवत होता?

“एसटीला कुठला आलाय प्लग?” अप्पा शांतपणे म्हणाले. “डिझेलला प्लग आसतोय व्हय?”

यानंतर आम्ही तेलगावात चहा प्यालो आणि दोघंही प्लगबद्दल बोललो नाही.

वास्तुशांत तोंडावर आली. रोहिणीने सुचवलं, की आईंना सरळ सांगावं आणि बजरंगची जीप मागवावी. मी दोनदा आईसमोर जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदा ती नव्या पातळाला फॉल लावत होती. फिकट निळं, तिने स्वतः निवडलेलं. दुसऱ्यांदा ती शेजारच्या बायकांना सांगत होती, “माजा त्रिंबक नेतोय गाडीत. बहीन म्हनली जीप धाडते, म्या म्हनलं लागत न्हाई.” मी तिथून तसाच शहादेवकडे गेलो, आणि पुन्हा एकदा थंड प्लगांचा नवा संच घेऊन आलो. आता देवावरच भरवसा होता. आईचाही तोच विचार असावा, कारण या खेपेला तिने कुंकू तेलात कालवलं. कोरडं कुंकू गाडीच्या हादऱ्याने गळून पडतं, असं तिचं निदान होतं. बोटभर जाड, चकचकीत टिळे. शहादेवने ते प्लग इतक्या श्रद्धेने बसवले, की बसवण्याआधी चपला काढल्या.

वास्तुशांतीच्या सकाळी निघालो. आई पुढच्या सीटवर, काचेतून ओळखीचं कुणी दिसतंय का ते बघत. रोहिणी मागे, मांडीवर आहेराचं ताट. मुलगी परीक्षेमुळे घरी. सिरसाळ्यात आईने मुद्दाम गाडी थांबवून पानसुपारी घेतली आणि पानवाल्याला कुठे चाललो ते सांगितलं. तेलगाव गेलं. घाट लागला. पहिलं वळण आलं आणि गाडीने आचके दिले, खोकली, आणि डोंगराच्या कडेला जाऊन थांबली.

आई समोर बघत राहिली आणि पदर सारखा करत राहिली. तेच मला लागलं.

मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि फडक्याने धरून पहिल्या प्लगची टोपी उपसली. आत पाहिलं. आईचा कुंकवाचा टिळा उष्णतेने पघळून पसरला होता, आणि त्या टिळ्यातून खाली लोखंडापर्यंत केसाएवढी काळी रेघ गेली होती. ठिणगी जळत गेल्याची वाट. दुसऱ्यावर तशीच, तिसऱ्यावरही तशीच. तेव्हा कुठे शहादेवची शिवीवजा सूचना माझ्या डोक्यात शिरली. बाहीर घाण ऱ्हायली की ठिनगी बाहीरच्या बाहीर पळती. सपाटीवर थोडी ठिणगी आत पोचत होती, तेवढ्यावर गाडी चालत होती. चढाला इंजिनाला जोर लागला, की ठिणगी सरळ कुंकवाची वाट धरून पळून जात होती. गरम, थंड, इरिडियम, फट, ब्लेड, सगळ्यांची मतं ठीक होती. प्लग एकही वाईट नव्हता.

मी खिशातून रुमाल काढला, आणि हात थांबला.

हसू नका. आमच्या कार्यालयातर्फे अंधश्रद्धा निर्मूलनाचं व्याख्यान झालं, त्याचं आभारप्रदर्शन मी केलेलं आहे. पण आईने लावलेलं कुंकू, शुभकार्याला निघालेलो, एका बाजूला दरी, आणि ते मी पुसायचं? मी रोहिणीला खुणेने बोलावलं, हळू आवाजात सगळं सांगितलं आणि रुमाल पुढे केला. ती दोन पावलं मागे सरली. “मी? वास्तुशांतीच्या दिवशी मी कुंकू पुसू? अहो, काहीतरीच काय!”

तेवढ्यात फोन वाजला. बजरंग. “दादा, कुठवर आलाव? गाडी बसली आसंल तर सांगा, जीप घिऊन येतो.”

माझ्या हातातून फोन कुणीतरी घेतला. आई दाराला धरून, गुडघे सावरत कधी उतरून आली, ते कळलंच नव्हतं. “बजरंगा, गाडी बसली न्हाई,” ती म्हणाली. “आमी फोटू काढायला थांबलोय.” फोन माझ्याकडे बंद करायला दिला आणि वाकून इंजिनात बघितलं.

“ह्या कुंकवानं व्हय?”

“तसं नाही गं... म्हणजे तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर...”

“व्हय का न्हाई, तेवढं सांग.”

“हो.”

तिचा चेहरा एवढासा झाला. “मला वाटलं, कमी पडतंय,” ती म्हणाली. “म्हनून मी वाढवीत गेले.”

मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं. तिला हे कळू नये म्हणून मी आणखी तीन जाणकारांकडे, आणखी तीन महिने हिंडलो असतो.

“मग पुसा की,” आई म्हणाली. “उभे कावून हाव?”

आम्ही दोघंही हललो नाही. तिने माझ्या हातातल्या रुमालाकडे बघितलं, रोहिणीकडे बघितलं, आणि तिच्या ध्यानात आलं.

“रोहिणी, तू सर मागं. तुजं काम न्हाई ह्ये. तुजंबी न्हाई, त्रिंबक.” तिने पदर पुढे घेतला. “कुंकू पुसायचं मला ठाव हाय. एकदा पुसलं, तवा मरले न्हाई. प्लगाचं पुसून आता काय व्हतंय?”

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, दूध उतू गेलं म्हणून सांगावं तसं. रोहिणी, “आई, नवं पातळ आहे,” एवढंच कसंबसं म्हणाली. “पातळ धुता येतंय,” आई म्हणाली. मग एकेक प्लग तिने पदराने पुसला, नखाने काळी रेघ खरवडली, टोप्यांच्या आत बोट घालून पुसलं. देवाची भांडी घासावीत तसं निगुतीने. मला रडू आलं. बॉनेटच्या आड तोंड घालून मी रडलो, आणि वरून उतरणाऱ्या ट्रकवाल्याला वाटलं गाडी फारच बिघडली. त्याने काच खाली करून धीर दिला.

टोप्या बसवल्या. आईने दार ओढून घेतलं. “हान,” ती म्हणाली.

गाडी चढली. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. एखादवेळी खाकरली, पण थांबली नाही. मी इतक्या जोरात ओरडलो, की रोहिणीच्या मांडीवरचं ताट कलंडलं. आई ओरडली नाही. ती खिडकीतून हात बाहेर काढून बसली होती, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक जीपकडे नीट बघत होती.

मावशी नव्या घराच्या दारात भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. मागे बजरंग, जीपची किल्ली बोटात फिरवत. मावशीने गाडीकडे बघितलं, आईकडे बघितलं.

“बसली का न्हाई घाटात? खरं सांग.”

“बसती कावून? मीच थांबीव म्हनले. फोटू काढायला.”

“दाखीव फोटू.”

“त्रिंबकच्या फोनात हायत. चार्जिंग न्हाई.”

मी फोन घाईने खिशात घातला. मावशीने तुकडा ओवाळून टाकला, आईच्या पायांवर पाणी घातलं, आणि तिची नजर फिकट निळ्या पदरावर गेली. पदर हातात घेऊन तिने ते डाग जवळून पाहिले. दोघी बहिणींची कपाळं सारखीच मोकळी.

“भिवरे, पदराला ह्ये लाल कशाचं गं?”

“इंजनाचं तेल हाय.”

“तेल लाल आसतंय व्हय?”

“गॅसच्या गाडीचं आसतंय,” आई म्हणाली आणि उंबरा ओलांडून आत गेली. “तुमची जीप डिझेलची. तुला काय कळनार.”